घरच्या स्टुडिओसाठी ऑडिओ इंटरफेस निवडताना

खालापूर-खोपोलीकडच्या घरात भजन, अभंग किंवा स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित करायचं, तर महागडा इंटरफेस लागत नाही. माइकचा आवाज अंकांत बदलून संगणकाला देणं आणि संगणकातला आवाज पुन्हा विद्युत संकेतात बदलून मॉनिटर स्पीकरला पोचवणं, एवढं त्याचं काम.

खरेदीपूर्वी आधी मागची बाजू पाहा. मॉनिटरसाठी दोन बॅलन्स्ड टीआरएस आउटपुट हवेत. बॅलन्स्ड केबलमध्ये तोच संकेत दोन तारांतून एकमेकांच्या उलट रूपात जातो, त्यामुळे वाटेत शिरलेली घरघर दुसऱ्या टोकाला बरीचशी रद्द होते. फोकसराइट स्कार्लेट सोलोच्या दुसऱ्या पिढीत आरसीए, म्हणजे अनबॅलन्स्ड, आउटपुट होते. बॅलन्स्ड आउटपुट तिसऱ्या पिढीत, 2019 साली आले. जुना माल घेताना पिढी विचाराच.

गायक आणि पेटी एकाच वेळी घ्यायचे असतील, तर दोन माइक इनपुट असलेलं मॉडेल घ्या. उदाहरणार्थ, बेहरिंगर यूएमसी 202 एचडी. कंडेन्सर माइकला साधारणपणे इंटरफेसमधून 48 व्होल्ट फँटम पॉवर लागते. मुद्रणासाठी 24 बिट, 48 किलोहर्ट्झ पुरेसं आहे. 192 किलोहर्ट्झच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

लॅपटॉप आणि मॉनिटर एकाच अर्थिंगच्या बोर्डावर लावा. घरघर घालवण्यासाठी अर्थची पिन कधीही काढू नका. ते जिवावर बेतू शकतं. इथल्या पावसाळी दमटपणात यंत्रं वापरात नसताना झाकून, कोरडी ठेवा.

वाचलेले पैसे चांगल्या माइकवर आणि खोलीतल्या जाड पडद्यांवर खर्च करा. ध्वनिमुद्रणातला फरक तिथे लगेच ऐकू येतो.