गाडी उघडते, पण सुरू होत नाही

(या भागाची लेखी आवृत्ती. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आज हातात किल्ली घेऊनच बसलोय. मधेमधे खुळखुळ ऐकू आली तर समजून घ्या.

माझी गाडी २००९ ची, सेकंड हँड घेतलेली. किल्लीचं प्लास्टिक पार झिजलं होतं, बटणावरचं रबर फाटलं होतं. म्हणून ऑनलाइन नवीन कव्हर मागवलं. रात्री जेवण झाल्यावर व्हिडिओ बघत बघत जुनं कव्हर उघडलं, आतली सर्किटची पट्टी आणि सेल नव्या कव्हरात बसवला, पातं बसवलं. खाली जाऊन बटण दाबलं, तर इंडिकेटर चमकले आणि दारं उघडली. मी खूश होऊन झोपलो.

सकाळी साडेसहाला आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. स्टार्टर मारला. इंजिन सुरू झालं, दोन सेकंद चाललं आणि बंद. परत मारला, परत तेच. आजी मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. सात-आठ वेळा झाल्यावर तीच म्हणाली, ‘‘अरे, रिक्षा बघ आता.’’ रिक्षाने गेलो. दुपारी फोनवर कुणीतरी सांगितलं, बॅटरी गेली असणार. मी बॅटरीही नवीन टाकली. चार हजार गेले, गाडी तशीच.

मी कुठे चुकलो ते कळायला आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. आपण ‘गाडीची किल्ली’ म्हणतो त्यात एक सोडून तीन यंत्रणांचे धागे असतात: दार उघडणारा रिमोट, बोंबलणारा अलार्म आणि इंजिन अडवणारा इमोबिलायझर. तिन्ही एकाच मुठीत मावतात म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. जुन्या गाड्यांत त्या बऱ्याचदा अगदी वेगळ्या असतात, आणि कधीकधी वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी बसवलेल्या असतात.

आधी रिमोट. हा एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर आहे. आपल्याकडच्या गाड्यांत साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याला सेल लागतो, चपटा, नाण्यासारखा, ३ व्होल्टचा. बटण दाबलं की तो गाडीला एक सांकेतिक आकडा पाठवतो. अगदी जुन्या किंवा स्वस्त रिमोटमध्ये हा आकडा कायम तोच असायचा. कुणी तो हवेतून रेकॉर्ड करून परत वाजवला की दार उघडलं. म्हणून मग रोलिंग कोड आला, म्हणजे दर वेळी नवा आकडा. कीलॉक ही त्यातली गाजलेली पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप कंपनीने विकत घेतली. गाडी आणि रिमोट दोघंही एकच गणित करतात, त्यामुळे पुढचा आकडा कोणता ते दोघांनाही माहीत असतं. आता समजा घरात लहान मूल रिमोट घेऊन बसलं आणि गाडीपासून लांब भरपूर वेळा बटण दाबलं. रिमोट मोजणीत पुढे गेला, गाडी मागे राहिली. थोडा फरक गाडी चालवून घेते. फार झाला की ओळख नाकारते आणि जुळवणी पुन्हा करावी लागते. काहींमध्ये लागोपाठ दोनदा दाबलं तरी जुळतं.

पण रिमोट बंद पडला म्हणून इंजिन सुरू व्हायचं थांबत नाही. सेल संपला तर पात्याने दार उघडा, नेहमीसारखा स्टार्टर मारा. अलार्म लावलेला असेल तर दार उघडताच तो ओरडेल. घाबरून पळू नका. कंपनीने बसवलेल्या बऱ्याच अलार्ममध्ये ओळखीची किल्ली घालून इग्निशन ऑन केलं की तो गप्प होतो.

अलार्मचं काय सांगायचं! दिवाळीत आमच्या सोसायटीत एक सुतळी बॉम्ब फुटला की पार्किंगमधल्या चार गाड्या एका सुरात रडायला लागतात आणि कुणीही खिडकीतून डोकावत नाही. हे बहुतेक बाहेरून बसवलेले. दाराच्या चौकटीत छोटा स्विच असतो, दार उघडलं की त्याला कळतं. शिवाय धक्का ओळखणारा सेन्सर असतो. त्यावर बहुधा एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून संवेदनशीलता कमी करता येते. म्हणजे मांजरीने बॉनेटवर उडी मारली म्हणून रात्री दोनला सगळी बिल्डिंग उठायची गरज नसते. ज्याने अलार्म बसवला त्याच्याकडून हे दहा मिनिटांत करून घेता येतं. आपण करत नाही, ती गोष्ट वेगळी.

आता येते ती गप्प बसणारी यंत्रणा, म्हणजे इमोबिलायझर. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली घालून फिरवली की ते बहुधा १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. किल्लीत एक चिप असते, तिला सेल लागतच नाही. त्या क्षेत्रातूनच ती वीज घेते आणि आपली ओळख सांगते. मेट्रोचं कार्ड मशीनला टेकवतो ना, त्याच जातीची गोष्ट. सुरुवातीच्या चिप एकच ठरलेला आकडा सांगायच्या. पुढच्या चिपना गाडी प्रश्न विचारते आणि चिप गुप्त गणिताने उत्तर देते. उत्तर चुकलं की इंजिनचा कॉम्प्युटर इंधन किंवा स्पार्क बंद करतो. काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही. काहींत इंजिन सुरू होतं आणि दोन सेकंदांत मरतं.

हो, दोन सेकंदांत. माझं हेच झालं होतं.

युरोपात १९९८ पासून नव्या कारना इमोबिलायझर सक्तीचा झाला. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिथे २०१५ च्या मॉडेलपर्यंत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलमध्ये तो मुळातच बसवलेला होता, ह्युंदाई-कियाच्या मात्र फक्त २६ टक्क्यांत. पुढे २०२२ मध्ये टिकटॉकवर त्या गाड्या चोरायचे व्हिडिओ पसरले आणि काय गोंधळ झाला ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. अर्थात चिपही अभेद्य नाही. फोर्डच्या गाड्यांत वापरली जाणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एक चिप २००५ मध्येच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसएच्या संशोधकांनी फोडून दाखवली होती. तिची गुप्त किल्ली फक्त ४० बिटची होती. तरीही नुसत्या वायरी जोडून गाडी पळवणाऱ्याला अडवतो तो इमोबिलायझरच. सायरन फक्त शेजाऱ्यांची झोप मोडतो.

तिसऱ्या दिवशी एका किल्लीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बॅटरीकडे पाहिलंही नाही. इग्निशन ऑन करून डॅशबोर्डवर बोट ठेवलं. तिथे किल्लीचं छोटं चिन्ह सारखं लुकलुकत होतं. बऱ्याच गाड्यांत किल्ली ओळखली की ते एक-दोन सेकंदांत विझतं. काका म्हणाले, ‘‘दादा, जुनं कव्हर कुठंय?’’

चिप जुन्या कव्हरात राहिली होती. काळा, चौकोनी, नखापेक्षा लहान तुकडा, कोपऱ्यातल्या खाचेत बसवलेला. मला तो प्लास्टिकचाच भाग वाटला. काही किल्ल्यांत ही चिप सर्किटवरच असते, तिथे माझी चूक खपून गेली असती. माझ्या किल्लीत ती वेगळी होती. आणि गाडी घेताना मालकाने एकच किल्ली दिली होती, तेव्हा मी ‘चालेल की’ म्हणालो होतो.

घरी फोन केला. आई म्हणाली, ते कव्हर शेजारच्या छोट्याला खेळायला दिलं. धावत गेलो. तो त्याच्या प्लास्टिकच्या जेसीबीला लॉक-अनलॉक करत बसला होता. बदल्यात कॅडबरी द्यावी लागली.

काकांनी चिप नव्या कव्हरात चिकटवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. दोनशे रुपये घेतले. मग मी लगेच दुसरी किल्लीही करायला सांगितली. नुसतं पातं कापून भागत नाही, नवी चिप गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखायला शिकवावी लागते, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन लावून. चालू किल्ली हातात असेल तर हे काम सोपं. एकही नसेल तर बऱ्याच गाड्यांना कंपनीचा कोड लागतो, वेळ लागतो आणि बिल कितीतरी वाढतं.

म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा दोन्ही किल्ल्या मागा आणि दोन्हींनी इंजिन सुरू करून बघा. फक्त दार उघडून थांबू नका. किल्लीच्या नंबरचा बिल्ला असेल तर तोही घ्या. बाहेरून अलार्म बसवलाय का आणि त्याचा बंद करायचा छुपा स्विच कुठे आहे, हेही विचारा. काही अलार्म इंजिनची एखादी वायर रिलेतून नेतात. दहा वर्षांनी तो रिले खराब झाला की गाडी सिग्नलला बंद पडते आणि मेकॅनिक पेट्रोल पंप बदलत बसतो. आणि हो, दोन चिपवाल्या किल्ल्या एकाच रिंगमध्ये ठेवू नका, कुलपाजवळ त्या एकमेकींच्या बोलण्यात अडथळा आणू शकतात.

आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तिने आत्ताच विचारून ठेवलंय, रिक्षा सांगून ठेवू का म्हणून.