सवडीचं काम, पण सवड कुणाची?

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-हैदराबादेत संगणकावर काम करणारी मराठवाड्याची मुलं लॅपटॉप घेऊन गावी परतली. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या नळदुर्गसारख्या गावात फायद्याचा हिशेब सरळ होता : पगार शहराचा, खर्च गावचा. त्याच नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या कंपन्यांवरची बंधनं सैल केली. जुलै 2022 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या कंपन्यांना निम्म्या कर्मचाऱ्यांपर्यंत घरून काम देण्याची मुभा मिळाली. पुढे वारं फिरलं. 2025 पर्यंत एका वेळी पाव कर्मचारीच कचेरीत लागतील, असं 2020 साली सांगणाऱ्या टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून सर्वांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं. घरी पाठवताना कुणी विचारलं नव्हतं, परत बोलावतानाही नाही. या पाच-सहा वर्षांचा लेखाजोखा मांडताना सोय-गैरसोयीच्या याद्यांपेक्षा हीच गोष्ट मोलाची वाटते. वेळ आणि जागा ठरवण्याचा अधिकार कामगाराकडे असेल तर ती सवलत. मालकाकडे असेल तर काम तेच राहतं आणि खर्च व जोखीम तेवढी कामगाराच्या घरात जाते.

या भागाला हे नवं नाही. ऊसतोडीला हजेरीपट नसतो, घड्याळ नसतं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मजुरी टनावर. कागदावर याहून मोकळं काम कुठलं? पण मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि गाडी रात्री फडावर आली तर मोळ्या रात्रीच भरायच्या. सोलापूरच्या विडी कामगार बायकांचं उदाहरण तर आजच्या ‘वर्क फ्रॉम होम’च्या अगदी जवळचं. पानं, तंबाखू, दोरा घरी आणायचा, चुलीवर भात ठेवून विड्या वळायच्या, मुलंही सांभाळायची. ही सोय खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र मजुरी हजार विड्यांवर, आणि माल परत देताना छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. जागा, दिवाबत्ती, देखरेख यांचा कारखानदाराचा खर्च वाचतो, आणि हात कमी पडले की शेजारी लेक वळायला बसते. घरी बसून विड्या वळणारीही कामगारच, हे कायद्याने 1966 मध्ये मान्य केलं. संगणकवाल्यांच्या बाबतीत 2017च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करण्याचा उल्लेख केला, पण तोही मालक आणि कर्मचारी दोघांच्या संमतीवर सोडला.

लाखांत पगार घेणाऱ्या अभियंत्याची विडी कामगार बाईशी बरोबरी कशी, असा आक्षेप येईल. मजुरीत ती नाहीच. खर्च सरकवण्याची रीत मात्र सारखी आहे : वीज त्याची, इंटरनेट त्याचं, रात्री दहाचा फोनही त्यानेच उचलायचा. उलट कंपन्या म्हणतात, घरी काम होत नाही. याविरुद्ध पुरावा आहे. चीनमधल्या सीट्रिप कंपनीत कॉल सेंटरच्या इच्छुक कर्मचाऱ्यांवर नऊ महिने प्रयोग झाला. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण त्यांच्या कामाच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या, आणि प्रयोग संपल्यावर बरेच जण एकटेपणाला कंटाळून आपणहून कचेरीत परतले. त्याच कंपनीतल्या पुढच्या प्रयोगात आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं, तेव्हा राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि बढत्यांनाही धक्का लागला नाही. म्हणजे सगळंच घरून हवं असा आग्रह कामगारांचाही नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो टेबलापलीकडे उभ्या माणसाचा आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा आला, रोजच्या वेळेत 45 मिनिटं वाढली. शनिवारी तालुक्याला आलेल्या शेतकऱ्याला ती 45 मिनिटं काय कामाची? त्यातून साहेब सोलापुरात राहून अप-डाऊन करणारे असतील, तर वाढलेली वेळही बसच्या वेळापत्रकात जिरते. यावर उपाय सवलत काढून घेण्याचा नाही, पाळी लावून शनिवारी एक खिडकी उघडी ठेवण्याचा आहे.

अधिकार कुणाचा, हे ठरवून देण्याच्या बाबतीत 1972च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या रोजगार हमीने बरंच आधी एक पाऊल टाकलं होतं. तिच्या 1977च्या कायद्यात मजुराने काम मागायचं, सरकारने 15 दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. मजुरी उशिरा मिळायची, भत्ता तर बहुतेकांना कधी मिळालाच नाही. तरी मागणी कुणी करायची, मुदत किती आणि ती चुकली तर भुर्दंड कुणाला, हे तिथे लेखी होतं. घरून काम देणाऱ्या नेमणूकपत्रांत एवढंही क्वचितच असतं.