तपासणी नेमकी कुणाची?

नारपोलीत नवा आलेला माणूस पहिले काही दिवस झोपू शकत नाही. दिवसपाळी संपली की रातपाळीचे कारागीर मागावर उभे राहतात आणि खडखड चालूच राहते. १९९०च्या दशकात इथल्या एका यंत्रमाग शेडमध्ये मी हिशेब लिहायला होतो. कुणी किती मीटर कापड काढलं, कुणाच्या नावावर किती उचल आहे, हे माझ्या वहीत असे. कारागीर बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार आणि तेव्हाच्या आंध्रातून आलेले. बायकामुलं गावी. एका खोलीत दहा-बाराजण पाळीपाळीनं झोपत.

त्यांतला एकजण वाळत गेला. ताप, जुलाब, तोंडात पांढरे चट्टे. उचल फेडून तो गावी गेला आणि परत आला नाही. शेडमध्ये एकच वाक्य फिरलं, ‘टेकडीवरून घेऊन आला.’ टेकडी म्हणजे भिवंडीतली हनुमान टेकडी, धंदा करणाऱ्या बायकांची वस्ती. ते वाक्य मीही मान हलवून ऐकलं. पण त्या बाईला तो रोग कुणी दिला, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. ती तर टेकडी सोडून कुठे गेली नव्हती. येणारेजाणारे आम्ही होतो.

हा प्रश्न मला फार उशिरा पडला. मग जुने कायदे आणि आरोग्यखात्याची मार्गदर्शक पुस्तकं वाचत गेलो. वैद्यकाचं शिक्षण मी घेतलेलं नाही. जे समजलं, ते हिशेबनिसाच्या पद्धतीनं मांडतो: जमा कुणाच्या नावावर आणि खर्च कुणाच्या.

एका बाजूची नोंदवही

वेश्यावस्तीची वैद्यकीय तपासणी ही एड्सच्या काळातली कल्पना नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटनं १८६४ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा केला. सैनिकांमध्ये गुप्तरोग इतके पसरले होते, की पलटणींची ताकद घटत होती. त्याच वर्षी हिंदुस्थानात छावण्यांसाठी कायदा झाला आणि १८६८ मध्ये चौदाव्या क्रमांकाचा कायदा करून ही व्यवस्था मोठ्या शहरांसाठी खुली झाली. मुंबईत तिचा अंमल १८७० मध्ये सुरू झाला. बाईनं पोलिसांकडे नाव नोंदवायचं, ठरलेल्या मुदतीनं डॉक्टरपुढे उभं राहायचं, आणि रोग दिसला तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये बंद व्हायचं. चुकलं तर दंड किंवा तुरुंग.

पुरुषाचं काय? ब्रिटिश सैनिकांची अशी नियमित तपासणी पूर्वी होत असे. ती १८५९ मध्ये बंद झाली, कारण ती सैनिकांना अपमानास्पद वाटे. म्हणजे जी तपासणी सैनिकाचा अपमान होती, तीच पाच वर्षांनी बाईचं कर्तव्य ठरली. १८७१ च्या शाही आयोगानं याचं समर्थनही केलं. बाई हे पैशासाठी करते, पुरुष मात्र नैसर्गिक ऊर्मीच्या भरात, तेव्हा दोघांची तुलनाच होऊ शकत नाही, असा त्या युक्तिवादाचा मथितार्थ.

मुंबईतल्या बायकांनी हा कायदा जमेल तसा चुकवला. अनेकींनी नाव नोंदवलंच नाही. १८७२ मध्ये अंमल थांबला, १८८० मध्ये पुन्हा सुरू झाला आणि १८८८ मध्ये कायमचा गुंडाळला गेला. त्यामागे जोसेफिन बटलर यांनी इंग्लंडमध्ये उभारलेली चळवळ होती. तिथले कायदे १८८६ मध्येच रद्द झाले होते.

वैद्यकाच्या दृष्टीनंही तो हिशेब कच्चा होता. परम्याचा जंतू नायसर यांनी १८७९ मध्ये ओळखला. उपदंशाचा जंतू सापडला १९०५ मध्ये, आणि त्याची पहिली उपयोगी रक्तचाचणी आली १९०६ मध्ये. त्यामुळे १८७० चा डॉक्टर नुसत्या डोळ्यांनी बघत होता. व्रण दिसला तर बाई आजारी, नाही दिसला तर निरोगी.

रिपोर्टाचं आयुष्य किती?

आज चाचण्या चांगल्या आहेत, स्वस्त आहेत, सरकारी रुग्णालयात फुकट आहेत. तरीही ‘रिपोर्ट चांगला आहे’ याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

एचआयव्हीची नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही. शरीरानं त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून धोक्याचा संबंध आल्यानंतरची पहिली चाचणी निर्दोष आली, तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. उपदंशाचा पहिला व्रण उमटायला दहा दिवसांपासून नव्वद दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे रिपोर्ट आजचा असला, तरी तो बोलतो मागल्या काळाबद्दल.

आता सोमवारी एका बाईचं रक्त घेतलं आणि सगळं ठीक निघालं, असं समजू. त्या रात्री येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला तो रिपोर्ट थोडाफार दिलासा देईल. पण त्या गिऱ्हाइकाची तपासणी झालेली नाही. तो उठून गेला, की रिपोर्टाचा आधार कमी झाला. दुसरा गेला, की आणखी कमी. महिन्याला वीस पुरुष धरले, तर एकवीस माणसांतल्या एकाचीच आपण तपासणी केली. विहिरीचं पाणी दर पंधरवड्याला तपासायचं आणि आत पडणारे पोहरे कधीच धुवायचे नाहीत, असला हा प्रकार. बाईला विहिरीची उपमा देणं मला आवडत नाही. पण व्यवस्थेनं तिच्याकडे तसंच पाहिलं आहे.

शरीराची रचनाही इथे बाईच्या विरुद्ध जाते. परमा झालेल्या पुरुषाला बहुधा काही दिवसांतच लघवीला जळजळ होते, पू येतो. स्त्रीला अनेकदा काहीच जाणवत नाही. रोग आत मुरतो, गर्भाशयापर्यंत चढतो. म्हणजे बऱ्याचदा पहिली खबर पुरुषाला लागलेली असते. पण तो औषधाच्या दुकानात हळू आवाजात दोन गोळ्या मागतो, जळजळ थांबली की विसरतो, आणि पुढच्या सुट्टीला गावी जातो. तिथे त्याची बायको असते. तिची तपासणी कुठल्याच यादीत नसते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे ‘नॅको’च्या, २०१७ च्या पाहणीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १.५६ टक्के होतं, लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांमध्ये ०.८६, स्थलांतरित पुरुषांमध्ये ०.५१, आणि गरोदर स्त्रियांमध्ये ०.२८. आकडे उतरत्या क्रमानं वाचले, की वाट दिसते. ‘नॅको’ची परिभाषा मधल्या दोघांना ‘पूल’ म्हणते. भिवंडीत हा पूल रोज डोळ्यांसमोर असतो. नारपोलीत माग आहेत, आणि पूर्णा, राहनाळ, काल्हेरच्या गोदामांपुढे ट्रकांच्या रांगा.

१९९६ ची दोन चित्रं

मराठीत या विषयावर लाज न बाळगता बोलणारा माणूस फार आधी होऊन गेला. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, त्यापायी खटले सोसले. गुप्तरोग हा पापाचा दंड नाही, टाळता येण्यासारखा आजार आहे, ही त्यांची भूमिका. आपण त्यांचं नाव आदरानं घेतो. त्यांचं म्हणणं मात्र कपाटात राहिलं.

१९८६ मध्ये देशातले पहिले एचआयव्हीबाधित चेन्नईत सापडले, तेही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात. तिथे बघितलं म्हणून तिथे सापडलं. पुढच्या दहा वर्षांत मुंबईच्या पाहण्यांमध्ये या स्त्रियांतलं प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं आणि शहर घाबरलं. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्त्यांवर मोठे छापे पडले. चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया ताब्यात घेतल्या गेल्या, त्यांत अनेक नेपाळी होत्या. त्यांत अल्पवयीन मुली होत्या, त्यांची सुटका व्हायलाच हवी होती. पण सगळ्यांची एचआयव्ही तपासणी संमतीशिवाय झाली, आणि रिपोर्टाचा शिक्का घेऊन त्या सुधारगृहांत अडकून पडल्या. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांपैकी कुणालाही रक्त द्यावं लागलं नाही.

त्याच वर्षी सांगलीत वेगळं काही घडलं. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेनं १९९२ पासून तिथल्या वस्तीत काम सुरू केलं होतं. निरोध वाटणाऱ्या कार्यकर्त्या बाहेरून आणण्याऐवजी धंदा करणाऱ्या बायकांनीच ते काम हातात घेतलं. १९९६ मध्ये त्यातून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली.

संघटनेचा आरोग्याशी संबंध काय, असं वाटेल. संबंध व्यवहाराचा आहे. गिऱ्हाईक म्हणतं, निरोध नको, जास्त पैसे देतो. एकटीनं नकार दिला, तर ते शेजारच्या दारात जातं आणि हिची चूल विझते. सगळ्या गल्लीनं नकार दिला, तर त्याला जायला दुसरं दार उरत नाही. थायलंडनं १९९१ मध्ये हेच तत्त्व देशभर लावलं: कुठल्याही कुंटणखान्यात निरोधाशिवाय गिऱ्हाईक घ्यायचं नाही, आणि नियम मोडला तर जबाब मालकाला. तिथे नवी लागण झपाट्यानं उतरली. मात्र थायलंडमध्ये हा धाक पोलिसी होता. सांगलीत बायकांची एकी होती. माझ्या मते टिकाऊ ती एकीच.

कायदा आज काय म्हणतो?

२०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, असं तो सांगतो. बाधित व्यक्तीनं, मग ती स्त्री असो वा पुरुष, दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यावी, असंही सांगतो. हे खरं वाटून घेतलेलं कर्तव्य आहे. आणि माहिती उघड केल्यास मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील, अशी रास्त भीती असलेल्या स्त्रीची तो दखल घेतो.

पण अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात १९८६ च्या दुरुस्तीनं आलेलं एक कलम अजून आहे. छाप्यातून सोडवून न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणलेल्या व्यक्तीची डॉक्टरकडून तपासणी व्हावी. वयासाठी, इजांसाठी आणि लैंगिक आजारांसाठीही. त्याच खोलीत सापडलेल्या गिऱ्हाइकाच्या आजाराबद्दल ते कलम काही बोलत नाही. १८७० ची नोंदवही अशी अर्धी उघडी राहिली आहे.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात जे निर्देश दिले, त्यांत निरोधासारखी आरोग्याची साधनं गुन्ह्याचा पुरावा मानू नयेत, असं म्हटलं आहे. हे महत्त्वाचं आहे. निरोधाची पाकिटं पुरावा ठरू लागली, की ती आधी घरातून नाहीशी होतात.

जर्मनीचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. तिथे स्त्रियांची सक्तीची तपासणी २००१ मध्ये संपली. तिच्या जागी नाव न सांगता करता येणारी ऐच्छिक तपासणी आली. २०१७ च्या कायद्यानं निरोध सक्तीचा केला, आणि तो न वापरल्याचा दंड ठेवला तो गिऱ्हाइकाला. त्या कायद्यातल्या बायकांच्या नोंदणीवर तिथे टीकाही होते. पण दंडाची पावती कुणाच्या नावावर फाडायची, हे त्यांनी ओळखलं.

वाटणी

आपल्याकडची सोय वाईट नाही. ‘नॅको’च्या प्रकल्पांत येणाऱ्या स्त्रियांची दर तीन महिन्यांनी आरोग्यतपासणी आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व उपदंशाची चाचणी व्हावी, असा नियम आहे. त्या बायका हा नियम पाळत आल्या आहेत. भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात चाचणी आणि समुपदेशन मिळतं. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते. सरकारी दवाखान्यात लैंगिक आजारांच्या औषधांचे रंगानुसार संच असतात, आणि जोडीदारावरही उपचार करा, ही सूचना त्या उपचारपद्धतीचाच भाग आहे. एचआयव्हीवरची औषधं २००४ पासून सरकारकडून मोफत मिळतात. ती नियमित घेऊन विषाणूचं प्रमाण चाचणीत न दिसण्याइतकं खाली आलं, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध झालं आहे.

अडतं ते जोडीदार या शब्दापाशी. गिऱ्हाईक नाव सांगत नाही, पत्ता सांगत नाही. बाईनं त्याला शोधून ‘औषध घे’ म्हणणं शक्य नाही. म्हणून वाटणी दुसऱ्या टोकापासून करावी लागेल. जळजळ झाली, तर दुकानातून गोळ्या न घेता त्यानं दवाखान्यात जावं, संच पुरा घ्यावा, बरा होईपर्यंत कुठल्याच बाईकडे जाऊ नये आणि गावी असलेल्या बायकोला तपासणीबद्दल सांगावं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, हे मला माहीत आहे. शेडमालक आणि मुकादम यांना पाळी बदलताना अर्ध्या तासाचं तपासणी शिबिर घेता येतं. त्यासाठी माग बंद करावा लागत नाही. कारागिराचं नाव विचारू नये आणि रिपोर्ट मालकाच्या हाती देऊ नये, एवढीच अट.

माझ्या जुन्या वहीत त्या कारागिराच्या नावापुढे ‘उचल पूर्ण फिटली’ असं मीच लिहिलं आहे. तेव्हा ते खरं वाटलं होतं. त्याच्या गावी त्याची बायको होती, आणि टेकडीवर कुणीतरी एक बाई. त्या दोघींच्या नावावर त्यानं, आणि गप्प राहून आम्हीही, काय टाकलं, त्याची नोंद माझ्या वहीत नाही.