गेमच्या पेटीतले दिवे

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्रात 500 मेगावॅटचे संच आहेत. तिथून वीज 4 लाख व्होल्टच्या वाहिन्यांवरून निघते. वाटेतल्या उपकेंद्रांत आणि गल्लीतल्या डीपीवर तिचा दाब उतरत जातो आणि घराच्या बोर्डात ती 230 व्होल्टची होऊन येते. मोबाईलचा चार्जर तिला 5 व्होल्टवर आणतो. यापुढची शेवटची पायरी मात्र आपल्याला स्वतः बांधावी लागते, आणि नवशिका नेमका तिथेच चुकतो.

पूर्वी नाणं टाकून खेळायचे व्हिडिओ गेम दुकानात असत. आता मुलं जुना मॉनिटर आणि प्लायवूड घेऊन तशी पेटी घरीच करतात. पेटी तयार झाली की बटणांखाली दिवे हवेत, असा हट्ट सुरू होतो. मुलगा असो वा मुलगी, हा हट्ट जरूर पुरवावा. मात्र आधी हिशेब शिकवावा.

पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. तो थेट 5 व्होल्टला जोडला तर क्षणभर झगझगीत पेटतो आणि जळतो. कारण ठराविक दाबापुढे व्होल्टेज जरासं वाढलं, तरी त्यातला प्रवाह झपाट्याने वाढतो. उरलेले 2 व्होल्ट झेलायला रेझिस्टर लागतो. दिव्याला 20 मिलीअँपिअर, म्हणजे 0.02 अँपिअर प्रवाह पुरतो. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथे कामाला येतो: 2 भागिले 0.02, उत्तर 100 ओहम. लाल दिव्याला 2 व्होल्टच लागतात, म्हणून उरतात 3. त्याला 150 ओहम. दुकानात 100चा मिळाला नाही तर पांढऱ्यालाही 150चा चालतो. उजेड थोडा कमी पडेल, पण दिवा जास्त टिकेल.

एलईडीचा लांब पाय अधिक, आखूड पाय उणे. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रेझिस्टर द्यावा. सर्वांना मिळून एकच लावला, तर एखादा दिवा जास्त प्रवाह ओढतो आणि बाकीचे मंद राहतात. मग सगळ्या अधिक वायरी एकत्र, सगळ्या उणे एकत्र. दहा दिव्यांना 200 मिलीअँपिअर लागतात; 1 अँपिअरच्या चार्जरला ते जड नाही. दिवा पेटला नाही तर घाबरू नये. चार्जर काढून पाय उलटे जोडून पाहावेत.

जुनी यूएसबी वायर कापली, तर आत बहुधा लाल अधिक आणि काळी उणे असते. तरी स्वस्त वायरींच्या रंगावर भरवसा ठेवू नये. मल्टीमीटरने तपासूनच जोडावं. प्रत्येक सांध्यावर इन्सुलेशन टेप हवीच. सोल्डरिंग करताना मोठ्या माणसाने शेजारी बसावं.

एक गोष्ट मात्र घरात ठाम सांगून ठेवावी: मुलांचं काम 5 व्होल्टच्या बाजूला. चार्जर उघडायचा नाही, मॉनिटरचं मागचं झाकण काढायचं नाही आणि बोर्डाला हात लावायचा नाही. 230 व्होल्ट चुकीला माफी देत नाहीत. 5 व्होल्टवर चुकलं, तर बहुधा एक-दोन रुपयांचा दिवा जातो आणि मूल एक धडा शिकतं. एवढा धडा आई-वडिलांना परवडतो.