आकाश ऐकण्याआधी मोबाइल बंद!

पुण्याहून नाशिककडे जाताना नारायणगाव सोडले, की द्राक्षबागा आणि उसाच्या शेतांमागे जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाजवळची ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण म्हणजे 'जीएमआरटी'. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या येथे आहेत. त्यातल्या १४ सुमारे एक चौरस किलोमीटर परिसरात असून उरलेल्या १६ तीन दिशांना इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमध्ये सुमारे २५ किलोमीटरचे अंतर आहे.

दिवंगत खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, अर्थात 'एनसीआरए' तिचे कामकाज पाहते. ती जगभरच्या संशोधकांसाठी खुली आहे. मात्र खुली असली, तरी तिचा वेळ सहज मिळत नाही.

एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी निरीक्षणांची दोन सत्रे असतात. प्रत्येक सत्राच्या काही महिने आधी संशोधकांकडून प्रस्ताव मागवले जातात. कोणती वस्तू पाहायची, कशासाठी, किती तास आणि तेवढेच तास का, हे प्रस्तावात पटवून द्यावे लागते. तज्ज्ञांची समिती त्यांची छाननी करते. उपलब्ध वेळेपेक्षा मागणी जास्त असते, म्हणून 'पाहू काय मिळते ते' अशा मोघम प्रस्तावाचा निभाव लागत नाही.

पहिला प्रश्न असतो कंप्रतेचा, म्हणजे रेडिओ ज्या पट्ट्यावर लावायचा त्याचा. नूतनीकरणानंतर ही दुर्बीण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या टप्प्यात, चार पट्ट्यांत काम करते. समजा, एखाद्या दूरच्या दीर्घिकेतला हायड्रोजन वायू शोधायचा आहे. हा वायू मूळात १४२० मेगाहर्ट्झला रेडिओ लहरी सोडतो. पण विश्व प्रसरण पावत असल्याने दूरवरून येता येता या लहरी ताणल्या जातात आणि त्यांची कंप्रता घटते. ८०० कोटींहून अधिक वर्षे प्रवास करून आलेला असा एक संकेत याच दुर्बिणीने टिपल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. तो सापडला सुमारे ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास. संशोधकांनी पट्टा चुकीचा निवडला असता, तर तो संकेत तबकड्यांवर येऊनही कोणाला कळला नसता.

दुसरी काळजी मापनाची. भाजीवाला तराजूचा काटा आधी सरळ करून घेतो, तसेच येथेही करावे लागते. ज्याची प्रखरता नेमकी माहीत आहे असा एखादा रेडिओ स्रोत आधी पाहायचा. मग मूळ लक्ष्याकडे वळायचे. पण मधूनमधून लक्ष्याजवळच्या दुसऱ्या परिचित स्रोताकडे दुर्बीण पुन्हा न्यायची. कारण वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर सतत बदलत असतो आणि कमी कंप्रतेच्या लहरींना तो अधिक डळमळीत करतो. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या संकेतांचा मेळ जमला, तरच चित्र उमटते. हे मध्यंतराचे वेध वाचवून लक्ष्याला जास्त वेळ देण्याचा मोह नवख्या संशोधकाला होतो. तसे केले, तर सगळ्या रात्रीची माहिती निरुपयोगी ठरू शकते.

वेळही आभाळ पाहून मागावी लागते. तबकड्या क्षितिजाच्या फार जवळ झुकत नाहीत, साधारण १७ अंशांच्या खाली त्या जात नाहीत. सूर्य स्वतः प्रखर रेडिओ स्रोत असल्याने लक्ष्य त्याच्यापासून दूर असलेले बरे. वारा फार वाढला, तर तबकड्यांची तोंडे वर करून काम थांबवावे लागते.

या सगळ्याहून मोठा शत्रू मात्र माणसाच्या खिशात असतो. चंद्रावर एक मोबाइल चालू ठेवला, तर पृथ्वीवरून तो आकाशातल्या बहुतेक दीर्घिकांपेक्षा प्रखर भासेल. मग तबकडीशेजारी वाजणाऱ्या मोबाइलचे काय? म्हणूनच परिसरात तो बंद ठेवावा लागतो. मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, उपग्रह यांचाही गोंगाट असतो. संशोधकाला हा गोंगाट ओळखून माहितीतून छाटावा लागतो आणि त्यासोबत वेधांचा काही भागही हातचा जातो. पुणे-नाशिक रेल्वेचा मूळ नियोजित मार्ग दुर्बिणीच्या परिसरातून जात होता, म्हणून त्यावर आक्षेप आला. केंद्र सरकारला तो मार्ग बदलण्याचा निर्णय घ्यावा लागला. प्रवाशांना रेल्वे हवी आणि विज्ञानाला शांतता, असा हा पेच आहे. रेल्वेचे रूळ दुसरीकडून नेता येतात; २५ किलोमीटर पसरलेल्या ३० तबकड्या उचलून हलवता येत नाहीत.

निरीक्षण संपले, की खरे काम सुरू होते. नोंदी तपासणे, गोंगाट काढणे आणि चित्र तयार करणे यात महिने जातात. ठरावीक काळ या नोंदी प्रस्ताव देणाऱ्यांसाठी राखीव असतात, नंतर त्या इतर संशोधकांनाही उपलब्ध होतात. त्यामुळे एकाने एका कारणासाठी घेतलेल्या वेधांतून दुसऱ्याला वेगळेच काही गवसू शकते.

कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून आलेली लहर खोडदच्या माळावर पोहोचते, तेव्हा ती इतकी क्षीण झालेली असते की एका ठिणगीनेही झाकली जाते. तिला ऐकायचे असेल, तर संशोधकाने आखणी चोख ठेवायला हवी आणि आसपासच्या सगळ्यांनी थोडी शांतता.