शोमरोन्याची थैली

धर्मग्रंथातील वचन व्यासपीठावरून उच्चारणे हा राजकीय पुढाऱ्यांचा जुना परिपाठ आहे. ज्या समाजाचा त्या ग्रंथाशी संबंध क्षीण होत गेला, तेथेही तो टिकून राहावा, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आले, ३७.२ टक्के लोकांनी आपला कोणताच धर्म नसल्याचे नोंदविले. तरीही गेल्या काही दशकांतील अनेक ब्रिटिश पंतप्रधानांना बायबलचा आधार घ्यावासा वाटला.

१९८० च्या जानेवारीत मार्गारेट थॅचर यांनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला. लुटारूंनी घायाळ केलेल्या वाटसरूला पाहून याजक व लेवी निघून जातात. यहुदी ज्याला परका मानीत तो शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो आणि उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन नाणी ठेवतो. केवळ सदिच्छा असती तर तो कोणाच्या स्मरणात राहिला नसता, त्याच्यापाशी पैसाही होता, असा निष्कर्ष थॅचरबाईंनी काढला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे खोटे नाही. वाटपापूर्वी संपत्ती निर्माण व्हावीच लागते. परंतु येशूने ही कथा सांगितली ती शेजारी कोणास म्हणावे, या प्रश्नाच्या उत्तरादाखल. याजक पुढे गेला तो थैली रिकामी होती म्हणून, असे कथेत कोठेही म्हटलेले नाही.

२१ मे १९८८ रोजी एडिंबरो येथे स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेपुढे बोलताना त्यांनी थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रातील वचन उद्धृत केले: जो काम करणार नाही, त्याने खाऊही नये. वचन अचूक होते. पण पत्राचा रोख काम करू न इच्छिणाऱ्यांवर आहे, काम न मिळणाऱ्यांवर नव्हे. ब्रिटनमध्ये १९८२ च्या जानेवारीतच बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती. ज्यांच्या खाणी व कारखाने बंद पडले, त्यांना आळशांच्या पंक्तीस कसे बसवावे? सभेचे अध्यक्ष जेम्स व्हाइट यांनी वाद न घालता घरांचा प्रश्न व संपत्तीचे वाटप यांवरील चर्चचे अहवाल पंतप्रधानांच्या हाती ठेवले. उत्तर सौम्य होते, पण पुरेसे होते.

पुढे मजूर पक्षाचे गॉर्डन ब्राउन यांनी मंदीच्या काळात त्याच कथेचा आधार घेतला, तो सरकारने संकटग्रस्तांकडे पाठ फिरवू नये, हे सांगण्यासाठी. एकाने थैली उचलली, दुसऱ्याने थांबणे उचलले. वचनातून धोरण निघत नाही. आधी ठरलेले धोरण वचन शोधीत येते, हेच यावरून दिसते.

म्हणून राजकारणात धर्मग्रंथाचे नाव निषिद्ध ठरवून काही साधणार नाही. एडिंबरोच्या श्रोत्यांना वचनाचा मागचा-पुढचा संदर्भ ठाऊक होता. ग्रंथ वाचणारे कमी झाले, तरी त्याचा दरारा मात्र उरतो. नाण्यावरचा ठसा शाबूत असावा आणि धातू पारखणारा सराफ उरू नये, तशी ही अवस्था. अशा वेळी नागरिकाने एवढेच विचारावे: या वचनाच्या आधारे कोणाचा भत्ता कमी होणार, कोणाचा कर वाढणार आणि जखमी वाटसरूच्या उतारशाळेचे देणे कोण फेडणार? त्याचे उत्तर अर्थसंकल्पातच द्यावे लागते.