ट्रामच्या वाटेने सायकलवर : बोरीबंदर ते दादर टी. टी.

'दादर टी. टी.' हे नाव आपल्या तोंडी रोजचे आहे. पण टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे किती मुलांना ठाऊक आहे? मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ पासून ती विजेवर धावू लागली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. रूळ गेले, पण वाट शिल्लक आहे. एखाद्या रविवारी, रहदारी वाढण्यापूर्वी, मोठ्या मुलांना घेऊन ती सायकलने पाहावी.

बोरीबंदरजवळच, डॉ. दादाभाई नौरोजी मार्गावर, सिद्धार्थ महाविद्यालय आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९४६ साली सुरू केले. पुढे महात्मा जोतिबा फुले मंडई, मग पायधुणी. येथे उड्डाणपुलावर चढू नये. ट्राम खालूनच जात असे, आपणही खालूनच जावे. भेंडीबाजार, भायखळा ओलांडले की रस्त्यालाच बाबासाहेबांचे नाव आहे.

लालबाग-परळ म्हणजे गिरणगाव. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी बैठक बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. मुख्य रस्ता सोडून थोडे आत वळले की पोयबावडीची बी. आय. टी. चाळ. १९१२ ते १९३४ बाबासाहेबांचे घर येथे होते. अमेरिका व इंग्लंडमधील मोठ्या पदव्या घेऊन, बॅरिस्टर होऊन आल्यावरही ते याच चाळीतल्या दोन खोल्यांत राहिले. घरात जागा नाही, अभ्यास कुठे करू, असे विचारणाऱ्या मुलाला ही चाळ जरूर दाखवावी. तेथे आजही कुटुंबे राहतात, म्हणून गोंगाट करू नये.

परळहून दादर टी. टी. सायकलवर पंधरा मिनिटांचे अंतर. तेथून जवळच, हिंदू कॉलनीत, राजगृह. पुस्तकांना जागा हवी म्हणून बाबासाहेबांनी बांधलेले घर! चाळीतून या घरापर्यंत यायला त्यांना बावीस वर्षे लागली.

६ डिसेंबरला आपण लाखोंच्या संख्येने चैत्यभूमीवर जातो. पश्चिमेला वंदन करून अनेक जण गावी परततात, पूर्वेचे राजगृह राहूनच जाते. मुंबईकरांनी तरी मुलांना ही वाट दाखवावी. रस्त्याच्या पाटीवर बाबासाहेबांचे नाव आहेच, त्या रस्त्यावर त्यांनी काय केले हे मुलांना घरातल्यांनीच सांगायचे आहे.

जयभीम!